बाबांना येणारे पदार्थ

रविवार, ४ फेब्रुवारी. सकाळी ९.

ही काल दुपारच्या बसने माहेरी गेली. सासूबाई न्हाणीघरात घसरल्या, कमरेचं हाड दुखावलं. पंधरा दिवस लागतील, फार तर वीस. तेवढ्यासाठी दोन मोठ्या बॅगा, थंडीचा कोट आणि कॉलेजच्या सर्टिफिकिटांची फाइल. बसस्टँडवर मला हसू आलं. बोललो नाही. बायकोच्या पॅकिंगवर बोलू नये, हे मी लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकलो.

मागे आम्ही तिघं. मोठी अकरा वर्षांची, बारक्या सहाचा, आणि मी.

संकल्प: आजपासून स्वयंपाकघर माझ्या ताब्यात. बाहेरून काही मागवायचं नाही. सोपं, स्वस्त, घरचं, आणि मुलांच्या हातून झालेलं. मी छापखान्यात बावीस वर्षं खाण्याच्या डब्या-बाटल्यांवरची लेबलं तपासतोय. घटक, प्रमाण, कृती, इशारा. एवढं सगळं वाचून झाल्यावर स्वयंपाकात उरतं काय, तर गॅस पेटवणं.

दर रविवारी एक नवा पदार्थ. मधल्या दिवसांत संध्याकाळचं खाणं. वर्षाअखेरीस बावन्न कृतींची पुस्तिका. नाव ठरलं: 'मुलांसोबत, मजेत'. छापखान्यात उरलेला कागद पडलेलाच असतो, मालक नाही म्हणणार नाहीत.

सकाळी ११.

लायटर सापडत नाही. मोठीला माहीत होतं. ओट्याखालचा दुसरा खण. पहिल्यापासून तिथेच असतो म्हणे.

दुपारी २.

भात. पाणी जास्त झालं, म्हणून आटवलं. आटवायला ठेवलं ते आटतच गेलं. खालचा थर पातेल्याला धरून बसला. बारक्याने विचारलं, हा भात आहे की खळ. मी सांगितलं, ताटात आहे म्हणजे भात. मोठी उठली. आपली जुनी वही घेऊन आली आणि मागच्या पानावर काहीतरी लिहिलं. पुस्तिकेसाठी टिपणं घेतेय. गुणी पोर आहे.

मंगळवार, ६ फेब्रुवारी. संध्याकाळी ८.

ऑम्लेट. मी मोठीला शिकवायला उभं केलं तर ती दोन पावलं मागे सरकली. म्हणाली, "बाबा, अंडी तू फोड. मी सांगते." विस्तवाची भीती वाटत असणार. मी लगेच पद्धत बदलली: मुलांनी सूचना द्यायच्या, मोठ्यांनी करायचं. त्याने मुलांचा आत्मविश्वास वाढतो. प्रस्तावनेत घालणे.

चार अंडी घेतली. एक ओट्यावर, एक बारक्याच्या चपलेत, दोन तव्यात.

हिचा रोज साडेसातला फोन येतो. मोठीशी अर्धा तास, बारक्याशी पंधरा मिनिटं, माझ्याशी दोन. आज मला विचारलं, "त्या गुरुवारी मी काय म्हणाले ते तू नीट ऐकलंस ना?" मी म्हटलं, ऐकलं की. निघायच्या दोन दिवस आधी जेवताना ती बराच वेळ काहीतरी सांगत होती खरी. पण माझ्यापुढे पीच जॅमचं लेबल होतं आणि तिसऱ्या ओळीत स्वल्पविराम घसरला होता. तिचं संपल्यावर मी 'बरं' म्हणालो, हे पक्कं आठवतं. सासूबाईंच्या औषधांचं असणार.

रविवार, ११ फेब्रुवारी. संध्याकाळी ६.

बिस्किटं. ओव्हन नाही, म्हणून जाड तव्यावर झाकण ठेवून. कल्पना माझी. बारक्याने वाटीने गोल कापले, एक कुत्रा केला, एक ट्रक केला, आणि एक "आई" म्हणून बाजूला ठेवलं. त्याला फक्त डोकं होतं.

भाजायला चाळीस मिनिटं ठेवली. मोठी पंधराव्या मिनिटाला म्हणाली, बघ. पंचविसाव्याला म्हणाली, बाबा, वास येतोय. मी म्हटलं, वास यायलाच हवा, बिस्किटं आहेत.

बारक्या रडला. ट्रकसाठी नाही, त्या डोक्यासाठी. मी सांगितलं, आई आठवड्याभरात खरीच येतेय, बिस्किटाचं काय घेऊन बसलास. तो आणि मोठी एकमेकांकडे बघत राहिले.

सोमवार, १२ फेब्रुवारी.

उरलेली बिस्किटं कामावर नेली. मशीनवाल्याने एक चहात बुडवलं, बाहेर काढलं, पुन्हा बुडवलं. म्हणाला, टिकाऊ आहे. टिकाऊ हा आमच्या धंद्यात चांगला शब्द आहे.

गुरुवार, १५ फेब्रुवारी. दुपारी ४.

कामावर गडबड. सूपच्या पाकिटावरच्या इशाऱ्यातून 'शेंगदाणे' हा शब्द गळला आणि तो माझ्या नजरेतून सुटला. बावीस वर्षांत पहिल्यांदा. पूर्ण गठ्ठा रद्द. मालक बोलावतील तेव्हा काय सांगायचं ते मी पाठ करून गेलो होतो. ते रागावलेच नाहीत. दार लावून घेतलं, खुर्ची दिली आणि म्हणाले, "घरचं आलं माझ्या कानावर. काही दिवस लवकर जात जा." माणूस मोठ्या मनाचा. सासूबाईंच्या कमरेचं त्यांना इतकं वाटेल असं वाटलं नव्हतं.

संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या काकू गरम सूप घेऊन वर आल्या. मुलांना वाढलं. जाताना माझ्या दंडावर हात ठेवून म्हणाल्या, "होतं असं. सवय होते हळूहळू." त्यांचीही कंबर दुखत असेल. विचारणे.

सूप चांगलं होतं. कृती विचारली पाहिजे. नको. पुस्तिकेत फक्त स्वतःच्या कृती.

रविवार, १८ फेब्रुवारी.

पंधरा दिवस झाले. ही म्हणते अजून वेळ लागेल. तिथल्या शाळेत एक बाई रजेवर गेल्यात, त्यांच्या जागी हिला घेतलंय, उद्यापासून. मी म्हटलं छान, तेवढाच वेळ जाईल. फोनवर बराच वेळ काही आलं नाही. मला वाटलं लाइन गेली. मग म्हणाली, "मुलांना दे."

आजचा पदार्थ: फ्रूट सॅलड. आग नाही, धोका नाही. केळी, सफरचंद, संत्रं. सफरचंद कापताना अंगठा कापला. बारक्याने विचारलं, लाल रंग कसला. मोठीने पट्टी बांधली. बोटं आत वळवून सुरी कशी धरायची हे तिने मला तीनदा करून दाखवलं. तिसऱ्यांदा आवाज चढला होता. मी म्हटलं, अगं, मी काय रोज कापणार आहे का. ती आत निघून गेली.

वयच तसं आहे. प्रस्तावनेत एक परिच्छेद: 'वाढत्या वयातली मुलं आणि सुरी'.

रविवार, २५ फेब्रुवारी. सकाळी १०.

मोठी आंघोळीला गेलेली असताना ती वही हाताला लागली. मागच्या पानावर शीर्षक: 'बाबांना येणारे पदार्थ'. खाली सहा नावं. भात, ऑम्लेट, टोमॅटोचं सूप, मसुराचं सूप, परतलेली कोबी, मॅकरोनी. प्रत्येकापुढे चौकोन. एकाही चौकोनात खूण नाही. ऑम्लेटपुढे 'जवळजवळ'.

डोळ्यांत पाणी आलं. माझ्याकडून काय काय शिकायचं याची पोरीने यादी केलीय. आणि अजून आपल्याला काहीच आलेलं नाही, हे तिचं ती कबूल करते. ऑम्लेटच्या बाबतीत ती स्वतःशी जरा कडक आहे, एवढंच.

सहाच का? बावन्न व्हायला हवेत. तिच्याशी बोलणे.

संध्याकाळी.

बोललो. ती म्हणाली, "सहा पुरे आहेत, बाबा. आठवड्याला सहा, आणि एक दिवस काकूंकडे जायचं. मी विचारलंय त्यांना." मला नीटसं कळलं नाही. पण प्लॅनिंग बापाकडून आलंय यात शंका नाही.

रविवार, ४ मार्च. संध्याकाळी ६.

ही आज आली होती. सकाळच्या बसने आली, चारच्या बसने गेली. सासूबाईंना एकटं ठेवता येत नाही.

मी मॅकरोनी ठरवली होती. हिच्यावर छाप पडावी म्हणून मोठीची मदत घेतली नाही. उकळी येण्याआधीच घातली, तिचा एकच गोळा झाला. मी तो कापून वाढला. बारक्या म्हणाला, केक आहे. ही हसली. खूप दिवसांनी हसली. मला वाटलं, जमलं.

मग पिशवीतून कागद काढले. शाळेचे होते, तीन ठिकाणी सही हवी होती. माझे हात चिकट. म्हणाली, "वाच आधी." मी म्हटलं, आठवडाभर वाचतोच, रविवारी तरी सोड. ती म्हणाली, "वाचलंस तर बरं होईल." मी कोपराने कागद धरला आणि सह्या केल्या. सहलीबिहलीचं असणार.

जाताना तिने मुलांना जवळ घेतलं ते सोडेचना. मला म्हणाली, काळजी घे. मी म्हटलं, आमची काय काळजी, आमचं मस्त चाललंय. मोठीने माझ्याकडे बघितलं. हल्ली ती अशी बघते की मला शर्टावर काही सांडलंय का हे तपासावं लागतं.

मंगळवार, १३ मार्च.

गेल्या आठवड्यात संध्याकाळचं खाणं एकदाही झालं नाही. कारणं: सोमवारी मशीन बंद पडलं. मंगळवारी सोमवारचा थकवा. बुधवारी टोमॅटो नव्हते. गुरुवारी टोमॅटो होते पण मूड नव्हता.

आज तडजोड. सूपचं पाकीट आणलं. त्यावरची कृती मीच तपासलेली आहे, तेव्हा एका अर्थी ते माझंच. मोठीने चमचाभर घेतलं आणि वाटी सरकवली. म्हणाली, "पाकिटातलं नाही चालणार." मी म्हटलं, चव चांगली आहे. म्हणाली, "चवीचा प्रश्न नाहीये. तुला आलं पाहिजे." मी म्हटलं, येईल गं, घाई काय आहे.

ती उठून टोमॅटो धुवायला लागली. बारक्या मला म्हणाला, बाबा, कर ना, ताईला बरं वाटेल. केलं. चांगलं झालं. थोडं आंबट. तिने वहीत खूण केली. मला दाखवली नाही, पण पेन्सिलचा आवाज ऐकला.

रविवार, १८ मार्च.

भात मोकळा झाला. मी हातात घेऊन बघत बसलो. एकेक शीत सुटं. मोठीने मान हलवली आणि खूण केली. बारक्याने तीनदा घेतला. ऑम्लेटची खूण शुक्रवारीच झाली होती.

'मुलांसोबत, मजेत' पुन्हा रुळावर. आता बावन्नचा आग्रह सोडून पंचवीस. छोटी पुस्तिका जास्त वाचली जाते.

सोमवार, २६ मार्च. संध्याकाळी ५.

आज मुलांना आणायला मी शाळेत गेलो. मालकांनी लवकर सोडलं होतं. फाटकाशी बारक्याच्या वर्गबाई भेटल्या. म्हणाल्या, "दोघांचेही दाखले तयार आहेत, परीक्षा झाली की न्या." मी विचारलं, कसले दाखले. त्या म्हणाल्या, "शाळा सोडल्याचे. तुमचीच सही आहे ना?" मी म्हटलं, हो हो. त्या म्हणाल्या, मुलाची आठवण येईल वर्गाला.

ऑफिसातली चूक असणार. क्लार्क लोक फॉर्म उलटसुलट करतात. मी हे रोज बघतो. फोन करून दुरुस्त करून घेणे.

संध्याकाळी ७.

अजून फोन केलेला नाही. शाळा बंद झाली असेल.

मंगळवार, २७ मार्च. संध्याकाळी ८.

क्रमाने लिहितो.

मसुराचं सूप. मोठी शेजारी उभी. मसूर धुतले, पाणी बरोबर, गाजर बारीक. तिने सांगितलं, गॅस बारीक कर आणि ढवळत राहा, खाली लागतं. मी ढवळत होतो, पण डोकं त्या दाखल्यांत. लागलं. धूर झाला. मी पातेलं उचलून नळाखाली धरलं आणि म्हणालो, जाऊ दे, उद्या बघू.

मोठी म्हणाली, "उद्या नाही. आत्ता परत कर."

मी म्हटलं, "अगं, मसूर काय पळून चाललेत?"

ती म्हणाली, "मसूर नाही. आम्ही चाललोय. अठरा दिवस राहिलेत आणि तुला फक्त तीन पदार्थ येतात." एवढं बोलून ती ओट्याला टेकून खाली बसली आणि रडायला लागली. आवाज न करता. हिच्यासारखी.

बारक्या दारात होता. म्हणाला, "ताई, तूच म्हणाली होतीस, बाबांना सांगायचं नाही." मग मला म्हणाला, "मी नाही सांगितलं हं, बाबा."

मी विचारलं, कधीपासून माहीत आहे. मोठी म्हणाली, आई गेली त्याच्या आधीपासून. आईने सांगितलं होतं की बाबांनाही सगळं सांगितलंय. "पण तू रोज आई येणार, आई येणार म्हणायला लागलास. मला वाटलं, तुला माहीत आहे आणि तू आमच्यासाठी नाटक करतोयस. मग कळलं, नाटक नाहीये."

मी तिच्या शेजारी फरशीवर बसलो.  तिने नाक पुसलं आणि म्हणाली, "मसूर आहेत अजून अर्धी पिशवी."

परत केलं. या वेळी लागलं नाही.

बुधवार, २८ मार्च. संध्याकाळी ८.

आज साडेसातचा फोन मी घेतला. मुलांना खाली काकूंकडे पाठवलं.

विचारलं, त्या गुरुवारी तू काय म्हणाली होतीस. ती म्हणाली, "म्हणजे तू खरंच ऐकलं नव्हतंस." रागाने नाही म्हणाली. मग तिने पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून. की तिथल्या शाळेत बदलीवर जागा आहे आणि पुढच्या वर्षी कायम होईल. की आई आता एकटी राहू शकत नाही. की मुलांची परीक्षा झाली की ती मुलांना नेईल. की ती माझ्याकडे परत येणार नाही. शेवटचं वाक्य तिने सावकाश म्हटलं.

मी विचारलं, मी काय केलं. ती म्हणाली, "काही नाही. तू कधीच काही केलं नाहीस. सहा वर्षं सांगतेय, इथेही छापखाने आहेत, आपण सगळे इकडे येऊ. तू म्हणायचास, बघू. त्या गुरुवारी एवढं सगळं सांगितलं आणि तू म्हणालास, बरं. मी तुझ्या तोंडाकडे बघत होते. तू तो कागद वाचत होतास. तरी मी ठरवलं, या वेळी 'बरं' म्हणजे बरंच समजायचं."

मी म्हटलं, मी आता येतो तिकडे. मालकांशी उद्याच बोलतो.  ती म्हणाली, "आता नको." मी म्हटलं, मुलं. ती म्हणाली, "मुलं सुट्टीत येतील, तू कधीही ये त्यांना भेटायला. पण बारक्या रोज फोनवर विचारतो, आज झोपताना तू आहेस का. मी त्याला आणखी किती दिवस नाही म्हणू?"

 तो मला कधी विचारत नाही. मी रोज नऊला दिवा बंद करतो आणि समजतो तो झोपला.

रविवार, १ एप्रिल. सकाळी ९.

तरीही शांतपणे विचार केला तर परिस्थिती इतकी वाईट नाही. ती चौदा तारखेला मुलांना न्यायला येणार. दुपारचं जेवण इथेच. माणूस समोर फरक बघतो तेव्हा मत बदलतं. मी सहाच्या सहा पदार्थ करणार. एकटा. तिला दिसेल की हा तो माणूस नाही. दोन आठवडे आहेत.

पुस्तिका तूर्त बाजूला.

टाइमटेबल लावलं. सोमवार ते शनिवार रोज एक पदार्थ. हे वाचून मोठी म्हणाली, "चांगलं आहे." तिला उद्देश सांगितला नाही. तिला तो कळला असावा. कारण नंतर म्हणाली, "बाबा, आई कदाचित जेवून येईल."

रविवार, ८ एप्रिल. दुपारी ३.

कोबी. बोटं आत वळवून, सावकाश, बारीक. बारक्या स्टुलावर उभा राहून कापलेली कोबी ओंजळीने पातेल्यात टाकत होता. अर्धी खाली पडत होती. तो म्हणाला, "तिकडे गेल्यावर पण आपण फोनवर स्वयंपाक करायचा का?" मी म्हटलं, फोनवर कसा होईल. तो म्हणाला, "तू कापायचं, मी इकडून सांगणार, आता टाक."

मी म्हटलं, चालेल.

एक तास मजेत गेला. मी पुस्तिकेच्या नावात मजेत लिहिलं होतं तेव्हा मला हे माहीत नव्हतं. फेब्रुवारीपासून मी यांच्या शेजारी उभा होतो आणि बावन्न मोजत होतो. त्याच्या आधीची सहा वर्षं कुठे उभा होतो, हे आठवत नाही.

कोबीची खूण झाली. मॅकरोनीचीही गुरुवारी झाली. मीठ आधी पाण्यात. उकळी आल्याशिवाय घालायची नाही.

शनिवार, १४ एप्रिल. संध्याकाळी ६.

पहाटे उठलो. बाराला सहाही पदार्थ तयार. काहीही लागलं नाही, चिकटलं नाही, सांडलं नाही. टेबल पुसलं, ताटं मांडली. काकू वर डोकावल्या, चव घेतली, पदर तोंडाला लावला आणि गेल्या. मीठ बरोबर होतं. मी विचारलं नाही.

ही साडेबाराला आली. जेवून आली नव्हती. आम्ही चौघं बसलो. मी एकेक वाढत गेलो आणि तिच्याकडे बघत राहिलो. तिने सूप दोनदा घेतलं. कोबी दोनदा. म्हणाली, "हे सगळं तू केलंस?" मोठी म्हणाली, "एकट्याने." ही म्हणाली, "फार छान झालंय. खरंच."

मी वाट बघितली.

ती पुढे म्हणाली, "आता मला काळजी नाही."

जेवणं झाली. मी आणि तिने मिळून भांडी घासली. ती धूत होती, मी पुसत होतो. मी म्हणालो, तू म्हणशील तिथे मी येतो, तिथे छापखाने आहेत, मी चौकशी केलीय. खरं म्हणजे केली नव्हती. तिने नळ बंद केला. हात पुसले. म्हणाली, "चांगला स्वयंपाक करतोस आता. मुलांना सुट्टीत करून घाल." एवढंच. रागावली असती तर काहीतरी पुढे बोलता आलं असतं.

बॅगा चार. मी दोन उचलल्या. बसस्टँडवर बारक्या माझ्या पायाला धरून उभा राहिला. मग बस आली तेव्हा त्याला खिडकीची जागा हवी होती म्हणून सोडलं. मोठी सगळ्यांत शेवटी चढली. पायरीवर उभी राहून म्हणाली, "सहाही आलेत, बाबा." मी म्हटलं, तू शिकवलंस. हे मी आधी कधी म्हटलं नव्हतं. ती रडेल असं वाटलं. रडली नाही. मान हलवली, भातावर हलवली होती तशी, आणि आत गेली.

मला वाटलं होतं, सगळं जमलं तर ती थांबेल. सगळं जमलं म्हणून तिला जाता आलं.

मंगळवार, १७ एप्रिल.

आज काही केलं नाही. भूक नव्हती. उद्यापासून टाइमटेबल.

गुरुवार, १९ एप्रिल.

ब्रेड. मोठीला फोनवर मॅकरोनी सांगितली. मीठ आधी पाण्यात घातलं का, विचारलं. घातलं म्हणालो.

शुक्रवार, २० एप्रिल.

ब्रेड. कोबी सांगितली. काकूंनी दार वाजवलं. उघडलं नाही.

रविवार, २२ एप्रिल. संध्याकाळी ८.

साडेसातला मोठीचा फोन. विचारलं, आज काय केलंस. मसुराचं सूप म्हणायचं ठरवलं होतं. तोंडात आलंही होतं.

म्हणालो, "काही नाही."

"काल?"

"कालही नाही. तुम्ही गेल्यापासून काहीच नाही."

 ती म्हणाली, "घरात काय आहे?" मी बघितलं. टोपलीत बटाटे. म्हणाली, "तीन घे. धू. पातेल्यात घाल, वर दोन बोटं पाणी. फोन ठेवू नकोस, ओट्यावर ठेव."

तसं केलं. गॅस पेटवला. पाणी तापायला लागलं. तिकडून बारक्या विचारत होता, आता टाक म्हणू का. ती म्हणाली, टाकलेत आधीच.  तिच्याकडे पानं उलटण्याचा आवाज येत होता. मी स्टुलावर बसलो. खूप वेळ बसलो.

मग हिचा आवाज आला, लांबून. जेवायला चला. मोठी म्हणाली, "आले." पानांचा आवाज चालूच राहिला. दुसऱ्यांदा हाक आली. मोठी म्हणाली, "बाबा, सुरी घालून बघ. झालेत का?"

सुरी घातली. आत कच्चे होते.

मी म्हणालो, "झाले. तू जा जेवायला."

फोन बंद झाल्यावर आणखी दहा मिनिटं ठेवले.